पत्र्यावर चढण्याआधी: तात्पुरती आडवी लाइफलाइन कशी बांधावी, कशी वापरावी

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, मिहान, मौदा. नागपूरच्या कोणत्याही बाजूला निघा, कुठे ना कुठे शेड उभी राहत असते. आठ-दहा मीटर उंचीवर पोरं पत्रे अंथरत असतात. त्यांच्या पाठीमागून एक दोरी निघते आणि एका आडव्या तारेला अडकवलेली असते. ती आडवी तार म्हणजे तात्पुरती लाइफलाइन. काम संपलं की सोडून नेतात, म्हणून तात्पुरती.

२०१६ च्या मे महिन्यात मी फिटर होतो. बुटीबोरीतल्या एका शेडवर आमच्यातला एक जण, काटोलकडचा, उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर पाय देऊन आरपार गेला. बेल्ट, म्हणजे अंगभर पट्ट्यांचा हार्नेस, होता, हूक लावलेला होता, तारही तुटली नाही. तरी त्याचा घोटा फुटला. चोवीस मीटरची तार मध्ये कुठेही आधार न देता ओढली होती. ती ताणली गेली, खोल झोळ पडला आणि खाली रचलेल्या लोखंडाच्या बंडलावर त्याचा पाय आपटला. मग तार उसळली आणि तो वीस-पंचवीस मिनिटं तसाच लटकत राहिला, कारण माणसाला बास्केटमधून वर नेणाऱ्या मॅन लिफ्टची चावी ऑपरेटरच्या खिशात होती आणि ऑपरेटर जेवायला गेला होता.

त्या दिवशी कागदावर सगळं बरोबर होतं. हेल्मेट, बेल्ट, तार, परमिटवर सही. चुकल्या त्या दोनच गोष्टी: खाली जागा किती आहे हे कुणी मोजलं नव्हतं आणि माणूस लटकला तर उतरवायचा कसा हे कुणी ठरवलं नव्हतं. पुढे मी सेफ्टीचं प्रशिक्षण घेतलं आणि आता तेच काम करतो. हा लेख नव्याने उंचीवर चढणाऱ्या फिटरसाठी, पहिल्यांदा टोळी सांभाळणाऱ्या सुपरवायझरसाठी आणि छोट्या ठेकेदारांसाठी आहे. हे वाचून स्वतःच तार बांधायला घेऊ नका. टोकांचा आणि तारेचा हिशोब जाणकार अभियंत्यानेच करायचा असतो. पण तो हिशोब झाला आहे की नाही, हे विचारण्याइतकं ज्ञान प्रत्येकाकडे असायला हवं.

१. आधी विचारा: लाइन खरंच हवी का?

लाइफलाइन हा शेवटचा उपाय आहे. जे काम जमिनीवर जोडून क्रेनने वर चढवता येतं ते वर जाऊन करू नका. जिथे मॅन लिफ्टच्या बास्केटमधून हात पोहोचतो तिथे पत्र्यावर पाय ठेवू नका. कडेला रेलिंग लावता येत असेल, खाली जाळी बांधता येत असेल, तर आधी ते. रेलिंग आणि जाळी सगळ्यांना सांभाळते, त्यासाठी कुणाला हूक लावायची आठवण ठेवावी लागत नाही.

लाइन लावायचीच असेल तर पुढचा प्रश्न असा: ही लाइन पडलेल्याला पकडणारी आहे, की पडूच न देणारी? दोरी इतकी आखूड ठेवली की माणूस कडेपर्यंत पोहोचूच शकत नाही, तर पडण्याचा प्रसंगच येत नाही. छताच्या कडेच्या पन्हाळीच्या कामाला हे जमत नाही, पण छताच्या मधल्या भागातल्या बऱ्याच कामांना जमतं. मी नेहमी आधी हाच पर्याय तपासतो. एक मात्र लक्षात ठेवा. पायाखालचा पत्राच कच्चा असेल, म्हणजे जुना सिमेंटचा किंवा उजेडाचा फायबरचा, तर कडा कितीही लांब असली तरी माणूस आहे तिथूनच खाली जाऊ शकतो. अशा छतावर आधी पाय ठेवण्यापुरत्या फळ्या टाका आणि फायबरचे पत्रे झाका.

२. वर पाहण्याआधी खाली मोजा

टेप घेऊन आधी जमिनीवर उभे राहा. ज्या जागेवर काम आहे तिच्या खाली सर्वात उंच वस्तू कोणती? मशीन, क्रेनचा गर्डर, मेझनाइन म्हणजे मधला माळा, मालाची थप्पी? त्या वस्तूच्या माथ्यापासून छतापर्यंतची उंची म्हणजे तुमच्या हातातली खरी जागा. शेडची उंची नव्हे.

आता माणूस पडला तर किती खाली जाईल ते मोजू. आकडे नेहमीच्या सामानाचे घेतो. तुमच्या किटच्या पुस्तिकेत वेगळे असतील तर तेच धरा.

लाइनला पडणारा झोळ: १ मीटर
लॅनयार्डची (हार्नेस आणि लाइन जोडणारी दोरी) लांबी: १.८ मीटर
शॉक अ‍ॅब्सॉर्बर (झटका शोषणारा, घडी घालून शिवलेला पट्टा) उलगडतो ती लांबी: १.७५ मीटरपर्यंत
हार्नेस अंगावर वर सरकतो आणि ताणतो: ०.३ मीटर
पाठीवरच्या डी-रिंगपासून (दोरी अडकवायची कडी) तळपायापर्यंत: १.५ मीटर
शिवाय राखून ठेवायची मोकळी जागा: १ मीटर

बेरीज ७.३५ मीटर, लाइनपासून खाली. लाइन पायाच्या पातळीवर असेल तर छताखाली तेवढी रिकामी जागा हवी. लाइन छतापासून एक मीटर वर असेल तर ६.३५ मीटर पुरते. आता आठ मीटर उंचीची शेड घ्या आणि तिच्यात अडीच मीटरचं मशीन ठेवा. उरले साडेपाच. तार कितीही भक्कम असो, माणूस मशीनवर आपटणारच.

जागा कमी पडत असेल तर घाबरून जाऊ नका, मार्ग आहेत. लाइन जितकी वर नेता येईल तितकी न्या. मध्ये आधार देऊन गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, लहान करा, म्हणजे झोळ कमी होतो. लॅनयार्ड आखूड वापरा. दोरी आपोआप आत गुंडाळून घेणारा ब्लॉकही वापरता येतो, पण तो आडव्या लाइनवर चालतो असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच. आणि खालची थप्पी हलवता येते का, हे गोडाउनवाल्याला विचारायला लाजू नका. २०१६ मध्ये ती बंडलं हलवायला फोर्कलिफ्टला दहा मिनिटं लागली असती.

३. कागद आणि सामान

कागद आधी, कारण सामान आणायला गेल्यावर कागद मागे राहतात. लागतात ते असे: उंचीवरच्या कामाचा परवाना, ज्याला सगळे परमिट म्हणतात, लाइन कुठून कुठे जाते, किती गाळे, प्रत्येक गाळ्यात किती माणसं हे दाखवणारा साधा नकाशा, त्यावर हिशोब करणाऱ्याची सही, किटची पुस्तिका आणि चाचणीचं प्रमाणपत्र, हार्नेस तपासणीचं रजिस्टर, वर जाणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी, आणि सुटकेची योजना, जिच्याबद्दल मी पुढे सविस्तर सांगतो. वैद्यकीय तपासणी नुसत्या शिक्क्यावर सोडू नका. चक्कर, मिरगी, रक्तदाब यांबद्दल माणसाशी एकट्यात बोला. रोजी बुडेल म्हणून पोरं टोळीसमोर खरं सांगत नाहीत.

सामानात दोन रस्ते आहेत. एक, कंपनीचं तयार किट. पट्ट्याची लाइन, तिच्या एका टोकाला ती ताणायचं दातेरी यंत्र म्हणजे रॅचेट, दोन्ही टोकांना हूक, सोबत पिशवी. दुसरा, स्टीलची वायर रोप, थिंबल (तारेच्या वळणात बसणारी खोबण), क्लॅम्प, शॅकल (पिनवाली कडी), टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) असं जोडून केलेली लाइन. नवख्या टोळीला मी तयार किटच घ्यायला सांगतो. त्यावर किती माणसं, किती लांबी, किती वजन, किती झोळ हे लिहिलेलं असतं आणि चाचणी झालेली असते. युरोपीय मानक ईएन ७९५ मध्ये अशा लवचीक आडव्या लाइनला टाइप सी म्हणतात. त्यातली चाचणी एका माणसासाठीची असते. एकाहून जास्त माणसांसाठी सीईएन/टीएस १६४१५ नावाचं वेगळं तपशीलपत्रक आहे. त्यामुळे लेबलवर ‘ईएन ७९५’ दिसलं म्हणून चार जण लटकवू नका. ‘माणसं किती’ हा आकडा लेबलवर शोधा.

वेल्डिंग किंवा गॅस कटिंग असेल तर पट्ट्याची लाइन नको. एक ठिणगी पुरते. तिथे स्टीलची तार.

हार्नेस पूर्ण अंगाचा, आयएस ३५२१ चा छाप असलेला. नुसता कमरेचा पट्टा पडलेल्याला पकडण्यासाठी नसतो, तो पोट आणि पाठीचा कणा दोन्ही मोडतो. लॅनयार्ड दोन हातांचा, म्हणजे दोन दोऱ्या आणि दोन हूक असलेला, शॉक अ‍ॅब्सॉर्बरसह. इतवारीच्या बाजारात स्वस्तात मिळणारे बेल्ट हातात घेऊन पाहा: लेबल आहे का, त्यावर क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष आहे का, शिवण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने आहे का म्हणजे तुटलेला टाका दिसेल. लेबल नाही तर घेऊ नका, अर्ध्या किमतीत मिळाला तरी.

४. टोकं कुठे बांधायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. माणूस वर चढतो, हाताला जे लागतं त्याला तार गुंडाळतो. हाताला बहुतेक वेळा पर्लिन लागते. पर्लिन म्हणजे पातळ पत्रा वाकवून केलेली पट्टी. ती पत्र्याचं वजन पेलायला असते, बाजूने बसणारा झटका पेलायला नाही. तीच गोष्ट रेलिंगच्या पाइपची, केबल ट्रेची, फायरच्या पाइपलाइनची, परांचीच्या उभ्या पाइपची. यांच्यापैकी कशालाही टोक बांधू नका.

टोक बांधायचं मुख्य सांगाड्याला: कॉलम किंवा राफ्टर, म्हणजे छताचा मुख्य तिरपा बीम. त्याभोवती अँकर स्लिंग, म्हणजे मजबूत पट्टा, घ्या किंवा खास बीम क्लॅम्प लावा. कडा धारदार असते, स्लिंगखाली जाड संरक्षक पट्टी घाला. आणि राफ्टर उभा करून सगळे बोल्ट कसले आहेत का, ब्रेसिंग, म्हणजे तिरपे आधार, लागली आहे का, हे उभारणीच्या फोरमनकडून लिहून घ्या. नुसत्या दोन बोल्टांवर उभ्या असलेल्या फ्रेमला लाइन बांधलेली मी पाहिली आहे. माणूस पडला असता तर त्याच्यामागून फ्रेमही आली असती.

लाइन जवळपास आडवीच हवी. टाइप सी लाइन आडव्या रेषेपासून १५ अंशांपेक्षा जास्त कलती चालत नाही. नव्या कारखानी शेडचा उतार साधारण दहाला एक, म्हणजे सहा अंशांच्या आत असतो, तिथे अडचण नाही. पण जुन्या सिमेंट पत्र्याच्या किंवा कौलारू छताचा उतार बराच जास्त असतो. तिथे लाइन उताराच्या दिशेने न्याल तर माणूस घसरत खालच्या टोकापर्यंत जाईल. तिथे लाइन रिजला, म्हणजे छताच्या माथ्याच्या रेषेला, समांतर घ्या.

५. तार किती ताणायची

या एका गोष्टीवर मला सर्वात जास्त वाद घालावा लागतो. परवाच एक जुना मिस्त्री तारेला बोटाने टिचकी मारून म्हणाला, “पाहा ना साहेब, कशी टुणटुण वाजून राहिली! काही होत नाही आता.” त्याच्या दृष्टीने जितकी टाइट तितकी पक्की.

मी त्याला म्हटलं, “भाऊ, घरी दोरीवर ओली गोधडी वाळत घालता ना? दोरी एकदम ताणून बांधली तर काय होते?”

तो थोडा थांबला. “खिळा उपटून येते.”

तेच होतं. आडव्या तारेच्या मध्यावर वजन आलं की टोकांवर त्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. तार जितकी सरळ, तितकी ओढ जास्त. आकड्यात पाहा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर माणसावर येणारा झटका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवतो, म्हणजे साधारण सहाशे किलोचा भार. दहा मीटरच्या गाळ्याच्या मध्यावर तो आला आणि तार फक्त ३० सेंटिमीटर खाली झुकली, तर प्रत्येक टोकावर सुमारे ५० किलोन्यूटन ओढ येते. म्हणजे पाच टन. अर्धा मीटर झुकली तर ३० किलोन्यूटन. एक मीटर झुकली तर साधारण १५.

आता साइटवर सर्रास दिसणारी ८ मिलिमीटरची वायर घ्या. नव्या कोऱ्या तारेची तुटण्याची ताकद साधारण ३७ ते ४० किलोन्यूटन. क्लॅम्प लावलेल्या टोकाशी ती आणखी कमी होते, अंदाजे आठ-दशांश उरते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात आडव्या लाइनला किमान दुप्पट सुरक्षितता मागितली आहे, आणि लाइनची रचना व बांधणी जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावी असंही म्हटलं आहे. अर्ध्या मीटरच्या झोळाला ३० किलोन्यूटन, त्याची दुप्पट ६०. आठ मिलिमीटरची तार तिथे बसतच नाही. बारा मिलिमीटरची बसते, कारण तिची ताकद ८० च्या पुढे असते. आणि दोन माणसं एका गाळ्यात असतील तर हिशोब पुन्हा नव्याने.

म्हणजे ढिली सोडायची का? तेही नाही. ढिली सोडली की झोळ वाढतो आणि दुसऱ्या पायरीतला आकडा हाताबाहेर जातो. झोळ कमी केला तर टोकं उपटतात, वाढवला तर माणूस जमिनीला लागतो. या दोहोंच्या मधली जागा अंदाजाने सापडत नाही, हिशोबानेच सापडते. तयार किटमध्ये ताण दाखवणारी खूण किंवा घसरणारी यंत्रणा असते. त्या खुणेपर्यंत रॅचेट ओढा आणि थांबा. दांड्याला पाइप लावून आणखी दोन दात पुढे नेऊ नका.

तारेच्या क्लॅम्पबद्दल थोडं. तार थिंबलवरून वळवून परत आणली की दोन पदर होतात: भार घेणारा लांब पदर आणि उरलेला आखूड शेपूट. क्लॅम्पचा खाचा असलेला जड भाग, ज्याला सॅडल म्हणतात, तो नेहमी लांब पदरावर बसवा. यू-बोल्ट शेपटीवर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भार घेणाऱ्या पदरालाच चिरडतो. किमान तीन क्लॅम्प, बारा मिलिमीटरच्या तारेला मी चार लावतो. दोन क्लॅम्पमध्ये तारेच्या जाडीच्या सहापट अंतर, म्हणजे बारा मिलिमीटरला सात सेंटिमीटरच्या आसपास. पहिला ताण दिल्यावर नट पुन्हा कसा, कारण तार दबून बारीक होते आणि नट ढिले पडतात. टर्नबकल आपोआप उलटा फिरू नये म्हणून त्यातून लॉकिंग वायर ओवा. तारेला गाठ मारून टोक करू नका, कधीच नाही.

६. लाइन बांधणारा पहिला माणूस

लाइन बांधायला जो वर जातो त्याला लाइन नसते, हे बहुतेक जण विसरतात. तो मॅन लिफ्टमधून जावा आणि बास्केटच्या अँकर पॉइंटला हूक लावून काम करावं. लिफ्ट पोहोचत नसेल तर उभ्या दोरीवर चालणारा आणि माणूस पडताच तिला घट्ट पकडणारा फॉल अरेस्टर लावून शिडीने चढावं आणि वर पोहोचल्यावर दोन अँकर स्लिंगवर आळीपाळीने हूक बदलत पुढे जावं. “दोन मिनिटांचं काम आहे” म्हणत मोकळा चढणारा माणूस टोळीतला सगळ्यात अनुभवी असतो. त्यालाच थांबवायला सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. तरी थांबवा.

शेडजवळून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) विजेची लाइन जात असेल तर स्टीलची तार उचलण्याआधी वीजपुरवठा बंद करून घ्या आणि तसं लिहून घ्या. गुंडाळलेली तार सुटली की सापासारखी उडते.

७. हूक लावून चालणं

वर पाय ठेवण्याआधी हूक, खाली पाय टेकल्यावर हूक काढणं. मधल्या आधारापाशी पोहोचलात की आधी लॅनयार्डचा मोकळा हात पलीकडे लावा, मग मागचा काढा. एका क्षणासाठीही दोन्ही हात सुटले नाहीत पाहिजेत. न वापरलेला हूक हार्नेसच्या पार्किंगच्या पट्टीला लावा. तो छातीवरच्या मजबूत रिंगला लावून ठेवला तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर नीट उघडू शकत नाही.

हूक लाइनलाच लावा, तोही पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याचा आवाज येईपर्यंत. लॅनयार्ड तारेभोवती गुंडाळून परत त्यालाच अडकवू नका. एका गाळ्यात नकाशावर लिहिलीत तेवढीच माणसं. एक पडला की तार झटक्याने खेचली जाते आणि त्याच गाळ्यात उभा असलेला दुसराही तोल जाऊन पडू शकतो, म्हणून जमेल तिथे मी एका गाळ्यात एकच माणूस ठेवतो.

लाइनपासून बाजूला फार लांब जाऊ नका. तिथून पडलात तर सरळ खाली न जाता लंबकासारखे झुलाल आणि कॉलमवर आपटाल. कोपऱ्यातलं काम असेल तर त्यासाठी वेगळा अँकर घ्या.

८. नागपूरचं ऊन आणि वावटळ

पुस्तिकेत हा भाग नसतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि नवतप्यात पत्र्याला हात लावता येत नाही. घामाने हातमोजे ओले होतात, पोरं ते काढतात, मग तापलेलं शॅकल उघड्या हाताने धरवत नाही म्हणून हूक लावायचा कंटाळा करतात. उन्हाळ्यात पत्र्यावरचं काम सकाळी सहाला सुरू करून अकराच्या आत थांबवा. वर पाण्याची कॅन चढवा, खाली उतरून पाणी पिण्यावर अवलंबून राहू नका. ज्याचं डोकं दुखतंय, ज्याला मळमळतंय, त्याला लगेच सावलीत आणा. हार्नेसमध्ये चक्कर येऊन पडणं हेही पडणंच.

मेअखेरीस दुपारनंतर अचानक वावटळ उठते आणि आभाळ भरून येतं. एक पत्रा धरायला दोघं लागू लागले की काम बंद करा. पत्रा वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि धरणाऱ्याला घेऊन जातो. ढगांचा गडगडाट ऐकू आला की स्टीलच्या तारेपासून दूर, खाली. डिसेंबर-जानेवारीत उलट त्रास: सकाळी पत्र्यावर दव असतं, नऊ-साडेनऊपर्यंत बूट घसरतो.

ऊन पट्ट्यालाही खातं. नायलॉन आणि पॉलिस्टर उन्हाने आतून कमजोर होतं, वरून फक्त रंग उडालेला दिसतो. किट छतावर आठवडाभर तसंच ताणून ठेवू नका.

९. लटकलेला माणूस खाली कसा येणार

हे परमिटवर सही होण्याआधी ठरवायचं असतं. लाइनने पकडलं म्हणजे माणूस वाचला असं समजू नका. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठतं, मेंदूला कमी पोहोचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. १०८ ला फोन करा, जरूर करा, पण बुटीबोरी किंवा मौद्याहून शहर लांब आहे. त्याला खाली उतरवायचं काम तुमच्याच टोळीचं आहे.

म्हणून रोज सकाळी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या बैठकीत, मी चार प्रश्न विचारतो आणि उत्तर माणसाच्या नावानिशी घेतो. मॅन लिफ्ट कुठे उभी आहे? तिची चावी कुणाकडे आहे आणि तो जेवायला गेला तर कुणाकडे देणार? लिफ्ट बंद पडली तर सुटकेचं किट किंवा शिडी कुठे आहे? फोन कोण करणार आणि गेटवर अ‍ॅम्ब्युलन्सला आत कोण आणणार? पहिल्या तीन दिवसांत एकदा हे खरं करून पाहा. वाळूचं पोतं हार्नेसला बांधून लटकवा आणि घड्याळ लावून उतरवा. आमच्या टोळीला पहिल्या वेळी अठरा मिनिटं लागली. तिसऱ्या वेळी सहा.

लटकलेला शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहायला सांगा. हार्नेसला पाय टेकवायचा पट्टा असेल तर तो उघडून त्यात पाय घालून उभं राहायला सांगा. तो पट्टा नसेल तर पाय ठेवायला दोरीचा फास करून द्या. खाली आणल्यावर त्याला आडवं झोपवा, श्वास तपासा, नेहमीचे प्रथमोपचार करा. लटकलेल्याला आडवं करू नये, बसवूनच ठेवावं, असं पूर्वी शिकवायचे. ब्रिटनच्या एचएसई या कामगार-सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये घेतलेल्या आढाव्यात त्याला आधार सापडला नाही. अंगावर खूण नसली तरी दवाखान्यात न्या.

१०. सोडणं, तपासणं, बाद करणं

सोडताना उलट क्रम: आधी ताण कमी करा, मग मधले आधार, मग टोकं. ताण असताना शॅकलची पिन काढू नका. सोडणारा माणूसही वेगळ्या अँकरला बांधलेला हवा.

रोज वापराआधी बोटांनी पट्टा चाचपून पाहा: कापलेलं, जळालेलं, कडक झालेलं, रंगाचे किंवा सिमेंटचे डाग. तार कापडाने पुसत जा, तुटलेला धागा कापडात अडकतो. हूक दहा वेळा उघडबंद करा. वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासून रजिस्टरमध्ये नोंद, आणि आपल्या उन्हात-धुळीत मी सहा महिन्यांनी करून घेतो. ठेवायची जागा सावलीतली, कोरडी, थिनर आणि बॅटरीच्या अ‍ॅसिडपासून दूर. खिळ्याला लटकवा, बोरीत कोंबू नका.

ज्या लाइनने एकदा माणूस पकडला ती लाइन, तो लॅनयार्ड, तो हार्नेस पुन्हा वर जाणार नाही. दिसायला धड असला तरी शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकदाच काम करतो आणि ताणलेल्या पट्ट्याचे आतले धागे बाहेरून कळत नाहीत. नुसता बाजूला टाकला तर आठ दिवसांत कुणीतरी उचलून वापरतो. म्हणून तो सगळ्यांसमोर कापायचा. काटोलच्या त्या मित्राचा हार्नेस मी स्वतः कटरने चार ठिकाणी कापला, लेबलचा तुकडा रजिस्टरच्या पानाला स्टेपल केला आणि शेजारी तारीख लिहिली.